न वाजलेला नारळ

मंजुळेला नारळ दाखवायची गरज नसे. ऐकवला की पुरे.

तिचं माहेर कल्याणचं, बंदराला लागून. वसईकडून नारळांनी भरलेले पडाव यायचे आणि तिचा बाप ते उतरवून घ्यायच्या कामावर होता. बाकीच्या पोरी सागरगोट्या खेळायच्या तेव्हा ही नारळांच्या राशीवर बसून बोटाच्या पेरानं एकेक वाजवायची, कानाशी हलवायची आणि बाजूला ठेवायची. हा जुना. हा आतून नासलेला. ह्याची करवंटी पातळ, ह्याची दगडासारखी. बाप म्हणायचा, "हिला नवरा पन असाच वाजवून घ्यावा लागनार."

नवरा मात्र न वाजवताच मिळाला. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला गोमाजी. स्वतःची होडी, रुंद खांदे, आणि दिवसभरात बोललेले शब्द मोजून घ्यावेत असा माणूस. लग्नानंतरच्या पहिल्याच नारळी पुनवेला चेंदणीला कळलं की गोमाजीच्या बायकोला नारळातलं कळतं. तेव्हापासून दर्याला द्यायचा मानाचा नारळ तिनंच निवडायचा, बेगड लावून तिनंच सजवायचा, आणि भरतीच्या वेळी धक्क्यावर गोमाजीच्या हातात तिनंच द्यायचा असं ठरून गेलं. कुणी ठरवलं नाही. ठरून गेलं.

पुनवेला दर्याला नारळ देतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्या आधी बंदरावर नारळ लढवतात. एकानं आपला नारळ मुठीत घट्ट धरायचा, दुसऱ्यानं वरून आपल्या नारळाचं टोक हाणायचं. ज्याचा फुटला तो हरला, आणि फुटका नारळ जिंकणाऱ्याचा. म्हातारे लढवायचे, पोरं लढवायची, सासरा जावयाशी लढवायचा. संध्याकाळी त्याच फुटक्या नारळांचा भात व्हायचा आणि हरलेला जिंकलेल्याच्या ओट्यावर बसून तो खायचा. असा तो खेळ होता.

मंजुळेचा नाथा तेरा वर्षांचा झाला तेव्हा अंगानं काडी होता. वाड्यातली पोरं त्याला बोंबील म्हणायची. "ए बोंबला, वारा सुटलाय, दोरीला लटक, सुकशील," असं. तो हसायचा. घरी येऊन मात्र भिंतीकडे तोंड करून बसायचा.

त्या वर्षी पुनवेच्या सकाळी तो आईच्या मागे मागे फिरत होता.

"आये, मना येक नारल दे ना. फुटनार नाय असा."

"फुटनार नाय असा नारल देवानं केलाच नाय रे. उशिरा फुटंल असा देते."

तिनं राशीतून एक काढला. लहानसा, काळपट, दिसायला अगदी दरिद्री. तो नाथाच्या मुठीत बसवला, वरून आपली मूठ ठेवली. "टोकानं मार. नि मारताना डोले मिटू नको."

दुपारी पोरांनी नाथाला खांद्यावर घेऊन आणलं. मागून एक जण फुटक्या नारळांची टोपली घेऊन येत होता. मंजुळा दारात उभी राहून इतकी हसली की डोळ्यांना पाणी आलं. गोमाजीसुद्धा म्हणाला, "बरं," आणि ते त्याच्या मानानं पुष्कळ होतं.

शेजारची म्हातारी सखुबाई म्हणाली, "अगो मंजुले, येवडं हसू नको. पोराला दिष्ट लागंल."

"लागली तर नारलच ओवालीन, मावशे. घरात ढीग पडलाय."

त्या दिवसापासून नाथाला कुणी बोंबील म्हटलं नाही. मंजुळेला ह्याचा फार आनंद झाला. पुढं तिला जे लागून राहिलं त्याची सुरुवात ह्या आनंदात होती, आणि आनंद खोटा नव्हता, हेच तर अवघड होतं.

*

पोरांना एकदा गोडी लागली की ती सणाची वाट बघत नाहीत. आषाढात होड्या वर ओढून झावळ्यांखाली झाकलेल्या असतात. मोठी माणसं जाळी विणतात, नाहीतर ताडी पिऊन पडतात. पोरांना हात आहेत आणि हातांना काम नाही.

बंदरावर तांदळाची एक वखार होती. तिथं वजनाच्या काट्यावर रघु बसायचा. तिशीच्या आतबाहेरचा, पान खाणारा, सदा हसतमुख. पावसात धंदा मंद असला की तो वखारीच्या पडवीत पोरांना बोलवायचा.

"या, नाथाशेठ. बसा. हे पोतं तुमचंच."

घरात नाथाला कुणी शेठ म्हणणार नव्हतं. बाप तर नावानंही क्वचित हाक मारायचा.

"पहिला नारळ माझ्याकडून," रघु म्हणायचा. "हरलास तर माझा गेला. जिंकलास तर तुझा. तुझं काय जातंय?"

पहिल्यांदा काहीच गेलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. मग नारळावर पैजेला गळ लागले, चाकू लागला, पैसे लागले. कोण जिंकणार ह्यावर बघणारी पोरंही लावू लागली. आणि हरलेला उठायला लागला की रघु हळूच म्हणायचा, "थोडक्यात गेला रे. केसभर. अजून एक मारला असतास तर त्याचाच फुटत होता." त्या केसभरासाठी पोरगं पुन्हा बसायचं.

मंजुळेला हे माहीत नव्हतं असं नाही. नाथा दर दोन-चार दिवसांनी यायचा, "आये, येक दे," म्हणायचा, आणि ती द्यायची.

"कुणासंगं लढवतंस?"

"पोरांसंगं."

"नुसताच?"

"नुसताच कसा? काय तरी लावाया नको?"

"तुज्या बापसाला कललं तर?"

"तू नको सांगू. तूच तर निवडून देतंस."

असं म्हणून तो हसायचा, आणि तीही हसायची. दिवसभर मासळीची पाटी, चिखल, सासरचं मोठं घर. ह्या सगळ्यात तिच्या कानाची किंमत असलेली एकच जागा उरली होती. पोरगं यायचं, ती वाजवायची, आणि संध्याकाळी त्याच्या तोंडावरून कळायचं की तिचा कान बरोबर होता. ती त्याला नारळ देत होती की स्वतःला काही घेत होती, हे तिनं कधी स्वतःला विचारलं नाही.

एके दिवशी नाथाच्या पांघरुणाच्या घडीत तिला चांदीचं एक छोटं पदक सापडलं. त्यावर बाळ घेतलेली बाई कोरलेली होती. देवळाच्या पलीकडे किरिस्तावांची वाडी होती, तिथल्या निकोलसच्या गळ्यात ते तिनं पाहिलं होतं. निकोलस नाथाच्याच वयाचा, कायम सर्दीनं नाक ओढणारा पोरगा.

तिनं ते पदक परत घडीत ठेवलं. पांघरूण नीट केलं.

दोन दिवसांनी निकोलसची आई जॉर्जिना तिच्या पाटीशी येऊन बसली. दर आठवड्याला यायची. नांग्या चुकवत चिंबोऱ्या उलटसुलट करताना म्हणाली, "पोराचं पदक हरवलं गो. बाप्तिस्म्याचं. माझ्या सासूनं घातलेलं."

"कुठं हरवलं?"

"म्हणतो, पवताना खाडीत पडलं. रोज ओहोटीला चिखलात जाऊन बसतो शोधायला. कालपासून ताप आहे त्याला."

मंजुळेनं चिंबोऱ्या गवताच्या दोरीनं बांधल्या आणि वर एक मोठी टाकली.

"ही कशाला?"

"घे. पोराला सार कर."

"देव तुझं भलं करो, बाय," जॉर्जिना म्हणाली आणि गेली. मंजुळा पाटीशी बसून राहिली. नंतर दोन गिऱ्हाइकं भाव विचारून गेली, तिला ऐकू आलं नाही.

*

नाथा आता पंधरा वर्षांचा होता. ह्या पुनवेला तो पहिल्यांदा बापाच्या होडीत वल्ह्याला बसणार होता. मुंबईहून गोमाजीनं त्याच्यासाठी तांबडी टोपी आणली होती, मोठ्या कोळ्यांची असते तशी. एकदा त्याच्या डोक्यावर घालून बघितली, मागून जरा खाली ओढली आणि म्हणाला, "पुनवेला घाल." आईच्या पेटीत ठेवायला दिली.

पुनवेच्या आदल्या सकाळी मंजुळेनं पेटी उघडली. टोपी नव्हती.

नाथा मागच्या दारी बसून नखानं झावळीची पात चिरत होता.

"टोपी कुठं हाय?"

"हाय."

"कुठं हाय म्हनते."

"रघूकडं."

मंजुळा खाली बसली. "लावलीस?"

"चाकू गेला होता. तो परत यावा म्हनून लावली. थोडक्यात गेली, आये. केसभर. येक नारल दे. येकच. टोपी आनतंय नि मंग सपलं. तुजी आन."

"माजी आन घालू नको."

"दे ना."

"नाय."

"येवडे दिवस दिलंस."

"चुकले."

"येवडे दिवस चुकलीस, नि आजच शानी झालीस?" त्याचा आवाज फुटला. तो अजून पुरता पुरुषी झाला नव्हता. "मंग बाबाला सांग जा. उद्या उघड्या डोक्यानं बसतंय होडीत. हसतील समदे."

"सांगते."

पण तिनं सांगितलं नाही. गोमाजी किनाऱ्यावर होडीला तेल चोपडत होता, आणि कधी नव्हे ते काहीतरी गुणगुणत होता. ती जवळ गेली. त्यानं मान वर केली.

"काय गो?"

"जेवाया या."

सण होऊ दे, मग सांगू, असं तिनं ठरवलं. तशीच घरात आली आणि मानाचा नारळ निवडायला बसली. सगळ्या वाड्यानं आणून दिलेली रास पुढ्यात होती. एक हातात घेतला, वाजवला, कानाशी हलवला. आतलं पाणी खळखळलं, आणि करवंटीचा आवाज असा भरीव आला की क्षणभर ती सगळं विसरली.

"बग गो मावशे," ती सखुबाईला म्हणाली, "असा नारल कल्यान सोडल्यापासून हाताला लागला नव्हता. ह्याला दगडबी फोडू शकनार नाय."

नाथा तेव्हा मागच्या दारीच होता. हे तिला नंतर आठवलं.

तिनं नारळाला हळद-कुंकू लावलं, बेगड गुंडाळली, शेंडी मोकळी ठेवली आणि तो देव्हाऱ्यात ठेवला. मग ती पाटी घेऊन बाजारात गेली.

*

पुनवेच्या दुपारी चेंदणी नटून बाहेर पडली. पुढं वाजंत्री, मागं बायका, हिरवी लुगडी, अबोलीचे गजरे. होड्यांना पताका. पाऊस दोन दिवस थांबला होता आणि खाडी भरत चालली होती.

मंजुळेनं नाथाला पाहिलं आणि तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्याच्या डोक्यावर तांबडी टोपी होती. रघूला दया आली असेल, तिला वाटलं. सणाचा दिवस, पोराची टोपी दिली असेल परत. वाईट माणसालाही घरदार असतंच की. असा विचार करत ती धक्क्याच्या पायऱ्या उतरली.

गोमाजी गुडघाभर पाण्यात उभा होता. हात पुढं केलेले.

मंजुळेनं थाळीतला नारळ उचलला. उचलतानाच तो हलका वाटला. सवयीनं तिनं तो किंचित हलवला.

नारळ वाजला नाही.

तिनं पुन्हा हलवला. आत काहीच नव्हतं. बेगडीच्या खाली, शेंडीपासून पोटापर्यंत, तिच्या अंगठ्याला एक बारीक रेघ लागली.

तिनं वर पाहिलं. नाथा होडीच्या पुढच्या टोकाशी, नाळेजवळ उभा होता. त्याचा हात टोपीकडे गेला आणि तिथंच राहिला.

रघूला दया आली नव्हती तर. टोपी जिंकून आणली होती, आणि ती देव्हाऱ्यातल्या ह्याच नारळानं; समोरचा फोडताना हाही चिरला होता.

"काय झालं?" गोमाजी म्हणाला.

वाजंत्री थांबली होती. सगळे तिच्याकडे बघत होते.

"काल देव्हाऱ्यात ठेवताना," मंजुळा म्हणाली, "माज्या हातनं पडला. चीर गेलीय. पानी नाय आत."

कुजबुज झाली. कुणीतरी बाई चुकचुकली. पण सखुबाई लगेच पुढं आली. "पडला तर पडला. घाईच्या दिवसात बाई मानसाच्या हातनं काय पडत नाय? दर्याला कलतं समदं. दुसरा घ्या. भरती थांबनार नाय."

"घ्या, घ्या," पुरुषांतूनही आलं. कुणाला राग आला नव्हता. एवढ्यावर भागत होतं.

मंजुळेनं नाथाकडे पाहिलं. त्यानं श्वास सोडला. त्याचे खांदे उतरले, आणि ओठांच्या कोपऱ्यात अगदी थोडं काहीतरी हललं. ते तिच्या ओळखीचं होतं. दोन वर्षांपूर्वी पोरांच्या खांद्यावर बसून आला तेव्हा तोंडावर हेच होतं. तो जिंकला होता. ह्या खेपेला त्याच्या मुठीतला नारळ ती होती.

"पडला नाय," ती म्हणाली.

"काय?"

"पडला नाय हातनं. मी खोटं बोलले. नाथानं लढवला, टोपी सोडवाया. वखारीत नारलावर जुगार चालतो, त्यात टोपी हरला होता. नि," तिचा आवाज बारीक झाला, पण थांबला नाही, "सगल्या पावसात त्याला नारल मी निवडून दिले. मना ठावं होतं तो काय करतोय."

एका बाईनं आपल्या पोराच्या पाठीत हळूच धपाटा घातला, आणि तो का घातला हे त्या पोराला बरोबर कळलं.

गोमाजीनं मुलाकडे पाहिलं नाही. बायकोकडे हात केला. "दुसरा वाजव."

"मी नाय वाजवनार."

"मंजुले, भरती चाललीय."

"माजा कान लावू नका ह्याला. कुठलाबी द्या."

सखुबाईनं आपल्या ओच्यातला नारळ पुढं केला. साधाच, वेडावाकडा, बेगड नसलेला. गोमाजीनं तो घेतला, कपाळाला लावला आणि पाण्यात सोडला. तो दोनदा गोल फिरला आणि खाडीवरच्या पुलाच्या बाजूला वाहत गेला.

होड्या निघाल्या. नाथाला कुणी थांब म्हटलं नाही. तो जिथं बसणार होता तिथं चुलत्याचा पोरगा बसला, एवढंच. होडीत चढायच्या आधी गोमाजी मंजुळेजवळ थांबला. तो रागावलेला नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं.

"तुना तर समदं ऐकू यायचं ना गो?" तो म्हणाला.

"यायचं," ती म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी ती नाथाला घेऊन किरिस्तावांच्या वाडीत गेली. पदक त्यानं स्वतःच्या हातानं दिलं. निकोलस दाराआडून बघत होता. जॉर्जिनानं पदक पदरानं पुसलं, पोराच्या गळ्यात घातलं, आणि मग मंजुळेकडे वळली.

"म्हणून ती मोठी चिंबोरी दिलेलीस."

मंजुळेनं होकारार्थी मान हलवली.

"पोरगं माझं तापात चिखल चिवडत होतं गो," जॉर्जिना म्हणाली. "तुला ठाऊक होतं." ती पुढंही मंजुळेकडूनच मासळी घ्यायची. पण वर टाकलेलं काही घेत नसे. उचलून परत पाटीत ठेवायची.

वाड्यातले चार जण वखारीत जाऊन रघूला बोलले. रघु म्हणाला, "मी कुणाला हात धरून आणलं का? पोरं तुमची, नारळ तुमचे." वखारीच्या मालकानं पडवी बंद केली. पोरं काही दिवस दुसरीकडे गेली, काही घरी बसली. त्या पावसानंतर चेंदणीत बापांनी पोरांना होड्या डागडुजीच्या कामाला आषाढातच जुंपायला सुरुवात केली, ह्याचं थोडं श्रेय त्या दुपारला आहे.

नाथा सुटला असं म्हणता येत नाही. पुढच्या वर्षी तो होडीत बसला, वल्हं चांगलं मारायचा. पण ओहोटीची वाट बघत होड्या थांबल्या की तो शेजाऱ्याला म्हणायचा, "त्या दोन बगल्यांतला आधी कुठला उडंल? सांग." मग गोमाजी नुसता खाकरायचा, आणि तो गप्प बसायचा. मोठा झाल्यावर मुंबईच्या गोदीत कामाला लागला. तिथं लोक पावसावरही पैसे लावतात असं त्यानं एकदा सांगितलं, आणि सांगताना त्याचे डोळे चमकले. मंजुळेनं ते पाहिलं आणि चुलीकडे वळली.

तिनं पुन्हा नारळ वाजवला नाही. बाजारात नारळवाल्याला म्हणायची, "दे तुज्या हातानं." नासका निघाला तर नासका. कधी बोटाचं पेर आपोआप करवंटीकडे जायचं, मग ती मूठ मिटून घ्यायची.

बऱ्याच वर्षांनी एका पुनवेला नाथा मुंबईहून आला. येताना नारळ घेऊन आला होता. आई म्हातारी झाली होती, बापूस नव्हता. त्यानं नारळ तिच्या कानाशी धरला, लहानपणी धरायचा तसा.

"ऐक ना आये. कसा हाय?"

तिनं त्याचा हात धरून खाली केला. "फोड. कलंल."

त्यानं ओट्याच्या कडेवर फोडला. अर्धा चांगला होता, अर्ध्याला वास होता. मंजुळेनं सुरी घेतली, चांगला भाग काढला आणि त्याला दिला. उरलेला स्वतःच्या पुढ्यात ठेवला, आणि त्यात खाण्याजोगं काही आहे का ते पुष्कळ वेळ बघत बसली.